रुमालावरचा मोर कोणाचा? : ‘आत्माविष्कार’ या संकल्पनेविषयी काही शंका

मराठी समीक्षेत ‘आत्माविष्कार’ हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की त्याला काही अटी आहेत, याचे भान राहत नाही. भावकवितेला तो बहाल करताना आपण पुरावा मागत नाही. कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे वर्गात दहादा बजावल्यानंतरही मागत नाही. मात्र रुखवतात मांडलेला, मोरांची जोडी भरलेला रुमाल समोर आला की हा शब्द आपल्या तोंडून निघत नाही. तेथे ‘हौस’, ‘कलाकुसर’, ‘हस्तकौशल्य’ एवढ्यावर आपण भागवतो. अलीकडे याच्या नेमकी उलट सवयही रूढ झाली आहे. बाईच्या हातची कोणतीही वस्तू दिसली की तिच्यात दडपलेल्या आत्म्याचा हुंकार ऐकू येऊ लागतो. पहिली सवय कंजूष आहे, दुसरी उधळी. पण दोन्हींत रुमालाकडे नीट पाहण्याचे कष्ट टाळलेले असतात. प्रस्तुत लेखातील प्रश्न कलाशास्त्रीय वाटला तरी मूलतः नैतिक आहे, असे मला वाटते. एखाद्या वस्तूत तिच्या कर्त्रीचा ‘आत्मा’ आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा तो प्रश्न होय.

प्रथम वस्तूविषयी. रुखवत म्हणजे मुळात लग्नात वधूपक्षाने वराकडे न्यायचे खाद्यपदार्थ. ती ताटे झाकायला रुमाल लागत; ते साधे नसावेत म्हणून त्यांवर भरतकाम आले. पुढे झाकणाऱ्या वस्तूलाच झाकलेल्या वस्तूइतके, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्व आले, आणि लाडू-चिरोट्यांच्या शेजारी रुमाल, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, मोत्यांची तोरणे आणि क्रोशाची विणकामे स्वतंत्रपणे मांडली जाऊ लागली. कांटने १७९० च्या ग्रंथात चित्राची चौकट, पुतळ्यावरील वस्त्र यांना कलाकृतीच्या बाहेरचे, पूरक अलंकरण मानले. त्याच ग्रंथात स्वायत्त सौंदर्याची उदाहरणे देताना मात्र त्याला भिंतीवरच्या कागदावरील वेलबुट्टी आठवली. म्हणजे एका ठिकाणी दुय्यम ठरलेली नक्षी दुसऱ्या ठिकाणी शुद्ध सौंदर्याचा दाखला होते. रुखवतातील रुमालाने हा प्रवास कांट न वाचता केला. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’वर (१९७४) पोसलेल्या आपल्या पिढीने तरी याची नोंद घ्यायला हरकत नव्हती.

हा रुमाल कसा तयार होई, हेही सांगितले पाहिजे, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर अवलंबून आहे. नक्षी बहुधा स्वतःची नसे. शेजारणीकडून, शिवणाच्या वर्गातून किंवा मासिकाच्या पानावरून ती पातळ कागदावर उतरवून घ्यायची, रेघांवर सुईने जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर पसरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवायची. कागद उचलला की निळ्या ठिपक्यांचा मोर कापडावर उमटलेला असे. मग कापड रिंगमध्ये ताणायचे आणि साखळी टाका, गाठीचा टाका, काज टाका, जसा जमेल तसा. मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालायचा असला तर छापही लागत नसे; चौकटी मोजल्या की झाले. एकच कागद आळीतल्या दहा घरी फिरे. भोके मोठी होऊन मोराचा तुरा पसरट होत जाई आणि दहाव्या घरच्या मोराला बदकाची कळा येई. उशांच्या अभ्र्यांवर ‘स्वीट ड्रीम्स’, ‘गुड नाइट’ ही इंग्रजी अक्षरे भरण्याची पद्धत होती. भरणाऱ्या कित्येकींना ती वाचता येत नसत. त्यांच्या दृष्टीने तीही वेलबुट्टीच.

हे वर्णन वाचताच कॉलिंगवुडचा वाचक म्हणेल की प्रश्न मिटला. ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ (१९३८) या ग्रंथात त्याने कारागिरी आणि कला यांत भेद केला तो याच मुद्द्यावर. कारागिराला काय घडवायचे ते आधीच ठाऊक असते, त्याचा आराखडा आणि अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कलावंताला मात्र आपल्याला काय वाटते आहे हे ते व्यक्त होईपर्यंत कळलेले नसते. निळीच्या ठिपक्यांवरून सुई चालवणारीला पुढचा टाका कुठे पडणार हे ठिपकाच सांगतो. तेव्हा येथे आविष्कार कसला?

परंतु हा युक्तिवाद मराठीच्या अभ्यासकाने स्वीकारला तर त्याला आपल्या परंपरेचा बराच भाग टाकून द्यावा लागेल. जात्यावरची ओवी घ्या. तिचे चरणारंभ ठरलेले, संबोधने ठरलेली, भाऊ-माहेर-पंढरी ही आशयसूत्रेही ठरलेली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहातून फिरताना प्रथम जाणवते ती पुनरावृत्ती. एकच ओळ शंभर गावांत शंभर तोंडी सापडते. आणि तरीही एखादी बाई त्या सर्वांच्या ओळीत आपल्या गावचे, आपल्या मेलेल्या लेकाचे नाव घालते आणि ती ओळ तिची होते. उखाण्यात तर नावासाठी जागाच मोकळी सोडलेली असते. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत सूचीकर्म आहे आणि समस्यापूरणही आहे. दुसऱ्याने दिलेला चरण आपण पुरा करणे ही तेथे कलाच आहे. आयता साचा हा आविष्काराचा शत्रू नव्हे. स्वच्छंदतावादाने ‘नवे’ आणि ‘स्वतःचे’ यांची जी सांगड घातली ती युरोपच्या इतिहासातील एक घटना होय. तिला कलेच्या व्याख्येत स्थान देण्याची आपल्याला गरज नाही.

येथे थांबता आले असते. ‘ओवी ही कविता आहे, रुमाल ही ओवी आहे, म्हणून रुमालही कविता आहे’ असे म्हणून समाधान मानणारे लेखन विपुल आहे. पण या साम्यातच एक खाच आहे आणि तिथे पाऊल अडखळते. ओवी पहाटे, अंधारात, जात्याच्या घरघरीत म्हटली जाते. ती ऐकणारी असलीच तर समोर बसून दुसऱ्या हाताने खुंटा धरलेली बाई असते. ओवीला परीक्षक नसतो. गोधडीलाही नसतो. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधलेली ती वस्तू थंडीसाठी असते आणि घरच्यांच्या अंगावर असते. (मराठी कवितेने मायेची प्रतिमा म्हणून गोधडी उचलली, रुमाल उचलला नाही, यामागेही हेच कारण असावे.) रुमालाचे तसे नाही. तो मांडण्यासाठी, पाहिला जाण्यासाठी, आणि स्पष्टच सांगायचे तर तपासला जाण्यासाठी केला जात असे.

ही तपासणी कशी होई ते अनेकांनी पाहिले असेल. मांडवात वरपक्षाच्या बायका रुखवताच्या टेबलांभोवती फिरत. एखादी जाणती बाई रुमाल उचले आणि सरळ बाजूकडे ओझरते पाहून तो उलटा करी. खरे गुण उलट्या बाजूला. तेथे दोऱ्याच्या गाठी किती, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा तोडून नेला की तसाच ओढला, रंग संपल्यावर काय केले, हे सर्व दिसते. त्यावरून निष्कर्ष निघत. मुलगी टापटिपीची आहे, चिकाटीची आहे, किंवा उरकाउरकी करणारी आहे. कर्नाटकातील कसुतीत गवंती आणि मुर्गी हे टाके असे घालतात की कापड दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते आणि गाठ कोठेच दिसत नाही. त्या कामाचे कौतुक करताना मला नेहमी असे वाटते की पाठ फिरवून तपासणाऱ्या नजरेला दिलेले याहून चोख उत्तर नसेल.

माझा मुख्य मुद्दा येथे आहे. रुमालाच्या टाक्यांतून मुलीचे अंतरंग वाचणारी वरपक्षाची ती बाई ही आपल्याकडील आविष्कारवादाची पहिली समीक्षक होय. वस्तू म्हणजे कर्त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रकट अंश, हे तत्त्व तिने कोणत्याही ग्रंथातून घेतले नव्हते, पण ती ते काटेकोरपणे वापरत होती. रुमाल सुंदर आहे की नाही हा तिचा प्रश्न नव्हता. रुमाल कोणाविषयी काय सांगतो हा होता. आज एखादा अभ्यासक त्याच रुमालावर वाकून त्यात मुलीची घुसमट, तिची स्वप्ने, तिचा मूक विद्रोह वाचतो, तेव्हा त्याचा हेतू उदार असतो यात शंका नाही. पण त्याची कृती तीच असते. तोही रुमाल उलटा करून पाहत असतो. निष्कर्ष बदलला, वाचनाची रीत बदलली नाही.

कॉलिंगवुडचा दुसरा एक भेद येथे पहिल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. भावना व्यक्त करणे आणि भावना उघडी पडणे यांत तो फरक करतो. भीतीने पांढरा पडलेला माणूस भीती व्यक्त करत नसतो. त्याची भीती आपल्याला दिसते, एवढेच. उघडे पडणे हे लक्षण होय, आणि लक्षण वाचायला वैद्य लागतो, रसिक नव्हे. रुखवतातील वाचन हे लक्षणांचे वाचन होते. भरणारीने जे म्हटले ते नव्हे, तिच्या हातून जे निसटले ते तेथे मोलाचे ठरे. आविष्कार म्हणून ज्याचा आज आपण गौरव करतो त्यातील बराचसा भाग असा निसटलेला असतो, आणि निसटलेल्या गोष्टीचे श्रेय कोणाला देणे हे त्या व्यक्तीच्या दृष्टीने गौरवाचेच असते, असे नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते इतके ठळक आहेत की त्यांच्यामुळे नियम स्पष्ट होतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८३० च्या सुमारास भरलेले एक कापड आहे. एलिझाबेथ पार्कर या ससेक्समधील मुलीचे ते. त्या काळच्या इंग्लंडमधील मुली अक्षरे, अंक, एखादे घर, एखादे धर्मवचन भरून शिवणकामाचा नमुना तयार करत. चौकटीत घालून तो भिंतीवर लावला जाई. एलिझाबेथने हेच कापड आणि हाच फुलीचा टाका घेतला. पण घर भरले नाही, फूल भरले नाही, किनारही भरली नाही. लाल रेशमाने, एकाखाली एक ओळी भरत तिने नोकरीच्या घरी झालेला छळ आणि जीव देण्याचा मनात आलेला विचार लिहून काढला. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे असे मांडते आहे, असे ती आरंभीच सांगते. मजकूर एका वाक्याच्या मध्येच तुटतो, तो आपल्या आत्म्याचे काय होणार या प्रश्नापाशी. त्याखाली कापड कोरे आहे.

या कापडाला आत्माविष्कार म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण का वाटत नाही? त्यातील दुःख मोठे आहे म्हणून नव्हे. ते म्हणण्याची कृती तिची आहे म्हणून. तिने नक्षी नाकारली. ज्या कापडावर शहाणपण दाखवायचे त्यावर तिने साक्ष दिली. येथे आपण काही काढून घेत नाही, दिलेले घेतो. आणि तरीही संग्रहालयात काचेमागे टांगलेल्या त्या ओळी वाचताना, हे कोणासाठी होते, हा प्रश्न पाठ सोडत नाही. ती पुढे शिक्षिका झाली, दीर्घकाळ जगली. ते कापड तिने कोणाला दाखवले असेल का?

रोझिका पार्कर यांनी ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ (१९८४) या पुस्तकात भरतकामाचे दुहेरी स्वरूप दाखवले. याच कामाने मुलींना बाईपणाचे वळण लावले आणि याच कामात त्यांना त्या वळणाशी झुंजण्याची साधने सापडली. हे प्रतिपादन मला मान्य आहे. आपल्याकडे तारा भवाळकरांनी ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ या पुस्तकात लोकगीतांतील बाईचा आवाज ऐकण्याची जी वाट घालून दिली, तीही मोलाची आहे. कारण तेथे शब्द आहेत, बाईने म्हटलेले आहेत. अडचण नंतरच्या अनुयायांची आहे. एकदा ‘झुंज’ हे सूत्र हाती आले की प्रत्येक टाका झुंजीचा ठरतो. ज्या मुलीला दुपारच्या शांततेत पोपटाच्या पंखात हिरव्याच्या तीन छटा बसवताना निखळ आनंद झाला, तिला आपण सांगतो की तुझा आनंद खरा नव्हे, तो तुझ्या दडपणुकीचा पालट आहे. हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

वास्तुकार आडोल्फ लोसने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘अलंकरण आणि गुन्हा’ या व्याख्यानात नक्षीकामावर कडाडून हल्ला केला. नक्षी म्हणजे वाया गेलेले श्रम, वाया गेलेले आरोग्य. पण त्याच व्याख्यानात तो एक सवलत देतो. भरतकाम करणाऱ्या स्लोव्हाक शेतकरणीची, मण्यांचे विणकाम करणाऱ्या म्हातारीची नक्षी तो चालवून घेतो, कारण जीवनातील उत्कट क्षण गाठण्याचे दुसरे साधन त्यांच्यापाशी नाही. आपल्यापाशी मात्र बेथोव्हेन आहे. लोसचा हल्ला मला परवडतो, ही सवलत परवडत नाही. दुर्दैव असे की आपण रुखवताच्या रुमालाविषयी प्रेमाने लिहितो तेव्हा आपल्या हातून बहुधा हीच सवलत दिली जाते. बिचारीला दुसरे होते काय, हा त्या प्रेमाचा गाभा असतो. कवीविषयी आपण असे कधी लिहीत नाही. कवीची ओळ फसली तर फसली म्हणतो. रुमाल फसला तर म्हणत नाही, कारण त्याला वाईट म्हणण्याइतके गंभीर आपण मानतच नाही.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. काव्यावर, चित्रावर ती लावून पाहिली गेली, त्यांवर टीकाही भरपूर झाली. एखाद्या रुमालाच्या किनारीला ती लावावीत असे मात्र कोणाला फारसे सुचले नाही. वास्तविक ती तेथे कवितेपेक्षा सहज लागतात. चार कोपऱ्यांत चार मोर, त्यांतील दोन डावीकडे पाहणारे, दोन उजवीकडे. मधल्या मोकळ्या पांढऱ्या जागेचा आकार. किनारीचा काज टाका कोपऱ्यावर वळताना होणारी दाटी. हे पाहायला मुलीचे लग्न, तिचे वय, तिची सासू यांतले काहीच लागत नाही. अशा पाहण्याला कोणी कोरडे रूपवादी म्हणेल. मला ते अधिक सभ्य वाटते. त्यात कर्त्रीच्या अंतरंगात न शिरता तिच्या कामासमोर उभे राहता येते.

येथे साधारणीकरणाचा आधार घेण्याचा मोह होतो. अभिनवगुप्ताच्या मांडणीत रसास्वादाच्या क्षणी भाव हा माझा, परक्याचा, शत्रूचा असा कोणाचाच राहत नाही. मग ‘आत्मा कोणाचा’ हा प्रश्नच गळून पडतो. पण रुमालाच्या बाबतीत ही सुटका मला फसवी वाटते. रुखवताच्या टेबलावर सर्व काही साधारण होत होते, फक्त मुलगी होत नव्हती. तिच्या नावाची चिठ्ठी प्रत्येक वस्तूला अदृश्यपणे चिकटलेली असे. जिचे व्यक्तिमत्त्व असे बळेच हिशेबात धरले गेले, तिच्याबाबतीत ‘व्यक्ती महत्त्वाची नाही’ हे विधान फार उशिरा आणि फार सोयीने येते. तत्त्व खोटे नाही. पण ते उच्चारण्याचा अधिकार परीक्षकाच्या रांगेत उभ्या असलेल्याला नाही.

तेव्हा आविष्काराच्या हक्काबरोबर न वाचले जाण्याचाही हक्क मानावा लागतो. आपल्या समीक्षेला ही कल्पना परकी वाटेल, कारण वाचणे ही आपली उपजीविका आहे. शिवाय यावर रास्त आक्षेप आहे. जिने काहीच लिहून ठेवले नाही, तिच्या वस्तू वाचल्या नाहीत तर ती इतिहासातून पुसली जाईल. या आक्षेपाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. इतिहासकाराला रुमाल पुरावा म्हणून लागणारच, आणि तो त्याने घ्यावा. मात्र पुरावा आणि आविष्कार हे दोन शब्द त्याने अदलाबदल करून वापरू नयेत, एवढे मागणे अवाजवी नसावे.

आता रुखवत भाड्याने मिळते, तयार मिळते. बचत गटांतील बायका ते ऑर्डरप्रमाणे करून देतात आणि पैसे घेतात. यात काही हरवले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हरवलेही असेल. पण ज्या बाईने पैसे घेऊन मोर भरला तिचे शील त्या मोरावरून कोणी ठरवत नाही. मोर बरा झाला नाही तर फार तर ऑर्डर परत येते.

आमच्या आईच्या रुखवतातील एक रुमाल मी लहानपणापासून पाहत आलो तो स्वयंपाकघरात. दोसुतीचा, कोपऱ्यात कमळे भरलेला. मांडवात त्याची पाहणी झाली होती आणि तो पसंत पडला होता, एवढे मला सांगण्यात आले आहे. पुढे तो ताटे झाकण्याच्या कामातून निवृत्त होऊन कपबशा पुसायचे फडके झाला आणि किटली धरून धरून त्याच्या एका कडेला तांबूस डाग पडले. एका कमळाची पाकळी उसवली होती ती आईने नंतर केव्हातरी पुन्हा भरलेली आहे, आणि ती गुलाबी नाही, गडद जांभळी आहे. बाकी सगळी कमळे नियमाने गुलाबी. हे फडके कोणी पाहणार नव्हते, कोणी उलटे करणार नव्हते. आमच्या धंद्याला साजेसा उत्साह येऊन मी तिला एकदा विचारले की जांभळाच रंग का घेतला. ती कप पुसत होती. म्हणाली, हाताशी तोच दोरा होता.

तिने खरे सांगितले की मला वाटेला लावले, हे मी ठरवू शकलेलो नाही.